फॉरमॅट न मारणारी मुलगी

भिंगरी आजारी पडली तर काय होईल, ही काळजी आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. तशी भिंगरी आजारी नव्हती. साधी शिंकही नव्हती तिला. शनिवारी फोनवर तिचा आवाज चांगला खणखणीत होता. पण आईची काळजी आवाजावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. जिला रोज सगळ्यांच्या आधी जाऊन एक कॉम्प्युटर उठवावा लागतो, आणि जी नसली तर तो कॉम्प्युटर उठतच नाही, तिला आजारी पडायचीसुद्धा मुभा नाही, असा आईचा हिशेब होता. वर्ष झालं, भिंगरी चार दिवस सलग घरी आली नव्हती.

"तान्हं मूल परवडलं," आई फोनवर म्हणाली. "ते निदान कधीतरी मोठं होतं."

"मग ये उद्या," भिंगरी म्हणाली. "रविवार आहे, लॅब बंद. उद्याच मी त्याचा बंदोबस्त करणार आहे. ये आणि डोळ्यांनी बघ."

"आणि करायला गेलीस एक, झालं भलतंच, तर?"

"तर तू आहेसच की. 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायला कुणीतरी लागतंच."

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती एका जागी टिकत नसे, म्हणून मामाने ठेवलेलं. तोच मामा, आईचा धाकटा भाऊ, सध्या या गोष्टीतला दुसरा घोर होऊन बसला होता. त्याच्या ऑफिसात एक जागा निघाली होती. खुर्ची, टेबल, पंखा, ठरलेल्या सुट्ट्या, घरापासून चालत जाण्याएवढं अंतर. आईने ऐकलं आणि भिंगरीला न विचारताच "येईल ती" असं सांगून मोकळी झाली. सोमवारी सकाळी मामाला पक्कं कळवायचं होतं.

भिंगरीने यावर भांडण केलं नाही, हेच आईला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "मी येणार नाही. पण 'हो' तू कळवलंयस, तर 'नाही' पण तूच कळव. आणि तुला पटल्याशिवाय कळवू नकोस. नाहीतर जन्मभर ऐकवशील."

म्हणून रविवारी सकाळी आई पिशवीत सफरचंदं आणि विणकाम घेऊन बसमध्ये बसली. मनातल्या मनात तिने मामाला "हो" सांगूनही टाकलं होतं.

भिंगरीची लॅब म्हणजे दातांची लॅब. तिथे रुग्ण येत नाहीत. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि लॅब त्यावरून कॅपा, दाढा, कवळ्या बनवून देते. एका लांबट इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ओळीने खोल्या. पहिलीत प्लास्टरचे साचे. तिथली जमीन, खिडक्या, रेडिओ, सगळ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी. दुसरीत भट्ट्या आणि रंगाच्या बारीक कुंचल्यांचे पेले. शेवटच्या खोलीत काचेच्या पेटीत बसवलेलं दाढा कोरणारं मशीन. पांढरा ठोकळा आत लावायचा, की ते कुरकुर करत त्यातून दाढ काढतं. आणि त्याच्या शेजारी, एका जुन्या टेबलावर, तो कॉम्प्युटर. त्याच्या बटणावर चिकटपट्टीने कागद लावला होता: 'बंद केल्यास स्वतःच्या जबाबदारीवर.'

"हे कुणी लिहिलंय?" आईने विचारलं.

"मीच," दारातून आवाज आला. पन्नाशीतले एक गृहस्थ, कोपरापर्यंत पांढरे, भुवयासुद्धा पांढऱ्या. सगळी लॅब त्यांना प्लास्टरकाका म्हणत असे. "ज्याचं जळतं त्याला कळतं, ताई. हा उद्योग माझाच आहे."

प्लास्टरकाकांचा उद्योग असा. त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर पूर्वी दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या, एका घरात दोन बिऱ्हाडं असावीत तशा. एकीत दाढा कोरायचा प्रोग्रॅम होता. दुसरी कुणीतरी केव्हातरी घालून ठेवलेली, कुणी उघडतही नसे. जबड्यांची चित्रं साठवायला जागा पुरेना, तेव्हा काकांनी स्वतःच्या अकलेने ते दुसरं बिऱ्हाड हलवलं. डिस्क मोकळी झाली, मालकीणबाईंनी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटर काही उठेना. काळ्या पडद्यावर दोन ओळी आणि लुकलुकणारी एक रेघ.

"का बरं?" आईने विचारलं. "वापरातली सिस्टीम तर शाबूत होती ना?"

"ती ठणठणीत होती," भिंगरी म्हणाली. ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायरी बघत होती. "पण बटण दाबलं म्हणून सिस्टीम आपली आपण जागी होत नाही, आई. तिला हाक मारून उठवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. बूटलोडर म्हणतात त्याला. तो होता इथलाच, पण त्याचं सगळं सामान होतं दुसऱ्या बिऱ्हाडात. काकांनी बिऱ्हाड हलवलं, सामान गेलं. आता हा बिचारा रोज उठतो आणि 'माझं सामान कुठाय' म्हणून बसून राहतो. मग मी त्याला हाताने लिहून सांगते, बाबा रे, या खोलीत जा, तिथून हे घे, आणि अमक्याला हाक मार."

"रोज?"

"वीज गेली की. म्हणजे रोजच धर."

"म्हणून तर आम्ही हिला किल्ली म्हणतो," काका म्हणाले. "सकाळी आलो की आधी विचारायचं, किल्ली आली का? मग चहा."

आईने मान डोलावली. तिच्या काळजीला आता एक नावही मिळालं होतं.

"पण एवढा त्रास काढायचा कशाला?" ती म्हणाली. "सगळं पुसून नव्याने का भरत नाही? आमच्या पोस्टात तो कॉम्प्युटरवाला यायचा, तो काहीही झालं तरी फॉरमॅट मारायचा."

टेबलाखालून वायर जरा जोरातच ओढल्याचा आवाज आला. आईला कळलं, आपण नको तिथे बोट ठेवलं.

भिंगरीची पहिली नोकरी अशाच एका दुरुस्तीच्या दुकानात होती. दुकान झकपक, कामाचा नियम एकच: गिऱ्हाइकाचं काहीही असो, फॉरमॅट मारा. वेळ वाचतो. एकदा एक आजोबा आले. कॉम्प्युटर चालू होत नव्हता, बाकी काही दुखणं नव्हतं. दुकानाने नेहमीप्रमाणे सगळं पुसून नवं भरून दिलं. आजोबांनी दुकानातच उघडून बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हिचे आवाज होते यात. गेल्या वर्षी गेली ती. ते कुठे आहेत?" त्यांचा नुसता बूटलोडर बिघडला होता, हे भिंगरीला नंतर कळलं. आवाज आत जसेच्या तसे होते, आणि दुकानाने ते आपल्या हाताने पुसले होते. घरी येऊन ती जेवली नाही. पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. "ज्याचं दार अडकलं त्याचं घर पाडायचं काय?" एवढंच म्हणाली. आईला तेव्हा ते आगाऊपणाचं वाटलं होतं. चांगली चालती नोकरी, एका म्हाताऱ्यापायी सोडायची, आणि दाढा घडवायला जायचं!

"इथे पुसता येत नाही," भिंगरी शेवटी टेबलाखालून बाहेर आली. "दाढांचा प्रोग्रॅम ज्यांनी केला ती कंपनीच बुडाली. मूळ प्रत कुणाकडे नाही. आहे ती या डिस्कवर. पुसली की लॅबचे दात घशात."

"म्हणजे आज चुकलं तर..."

"चुकलं तरी पुसलं जाणार नाही. हे बघ." तिने खिशातून एक छोटा पेनड्राइव्ह काढला. त्यावर तिची स्वतःची एक सिस्टीम होती, कुठेही नेऊन चालवता येईल अशी. "आधी याच्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, म्हणजे आतली डिस्क झोपलेलीच राहते. मग तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची. ती झाल्याशिवाय मी एका अक्षराला हात लावणार नाही."

नक्कल निघायला बराच वेळ लागला. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. आईने विणकाम काढलं. काकांनी चहा केला. त्यातही थोडं प्लास्टर असावं. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. जाडजूड, चष्मा केसांत खोचलेला, हातात हेल्मेट. आईला बघून म्हणाल्या, "तुम्हीच का? या, या. मुलगी गोड आहे तुमची, पण सुट्टी मागत नाही, याची मला भीती वाटते."

"मलाही," आई पटकन म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"आणि हे आजचं," मालकीणबाई खुर्ची ओढत म्हणाल्या, "मी दोनदा नको म्हटलं होतं. चालतंय ना कसंबसं, चालू दे. तर म्हणते कशी, मॅडम, कसंबसं चालणारं एक दिवस कसंबसं बंद पडतं."

"बरोबर बोलले की नाही?" भिंगरीने मान न वळवता विचारलं.

"ते उद्या सकाळी सांगीन. उद्या अकरा दाढा द्यायच्यात. नाही गेल्या तर अकरा माणसं एका बाजूने चावतील, आणि डॉक्टर मला दोन्ही बाजूंनी."

म्हणजे गोष्ट एवढी स्वच्छ होती. उद्या कॉम्प्युटर उठला तर भिंगरी या लॅबमध्ये ताठ मानेने राहणार होती. नाही उठला तर मामाची खुर्ची तयार होती. आईच्या सुया भराभर चालू लागल्या. आपल्याला यातलं नेमकं काय हवंय, हे त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

पट्टी संपली. भिंगरीने नक्कल तपासली, ती डिस्क काढून मालकीणबाईंच्या मांडीवर ठेवली. "ही सांभाळा. ही म्हणजे तुमची लॅब." मग ती कामाला बसली.

आईने तिला असं काम करताना कधी बघितलं नव्हतं. घरी हीच मुलगी चहाचा कप जिथे प्यायली तिथे सोडून जाते. इथे तिची बोटं एक ओळ लिहीत, थांबत, ओठ हलवून ती ओळ वाचत, आणि मगच पुढचं बटण दाबत. मध्येच ती आपणहून बोले, जसं कुणी हातातलं काम शेजारणीला सांगावं तसं. "आता नवा बूटलोडर टाकला. साधा आहे हा, लांबचं सामान मागत नाही, सगळं उशाशी घेऊन झोपतो. जुन्याला मात्र हात लावलेला नाही."

"त्याला काढत का नाहीस?" काकांनी विचारलं. "नवा आला ना?"

"काका, तुम्ही तरी विचारू नका हो हे!" ती म्हणाली आणि मालकीणबाई खो खो हसल्या. काकांनी कान पकडले. "नवा एकदा दाखवू दे उठवून. एकदा मी असताना, एकदा मी नसताना. मग जुना. आधी जुना काढायचा आणि मग नव्याचं तोंड बघायचं, हे मी कधीच करत नाही."

तिने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

पडदा काळा झाला. मग एक नीटस यादी आली, एकाच ओळीची. मग पुन्हा काळा. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या, आणि थांबल्या. शेवटची ओळ तशीच राहिली. काचेच्या पेटीतलं मशीन मुकाट उभं होतं.

काका हळूच दाराशी ठेवलेल्या प्लास्टरच्या गोणीवर बसले. मालकीणबाईंनी मांडीवरची डिस्क दोन्ही हातांनी धरली. आईने विणकाम पिशवीत कोंबलं. वाटलं, उठावं, मुलीला धरावं आणि पहिल्या बसने घरी न्यावं. मामा आहे, खुर्ची आहे, कशाला हव्यात या जिवाला घोर लावणाऱ्या गोष्टी! 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं.

भिंगरी पुढे वाकून शेवटची ओळ वाचत होती. तिने डोक्याला हात लावला नाही. नखं कुरतडली नाहीत. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. परीक्षेच्या निकालाला व्हायच्या तशा. तिने ओळ पुन्हा वाचली, खिशातला पेनड्राइव्ह काढून त्याच्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली.

"आई, मी गाढव आहे."

"ते मला माहीत आहे. पुढे बोल."

"नव्या बूटलोडरला एक पत्ता द्यावा लागतो. सिस्टीम कुठे झोपलीय, त्या जागेचा. तो पत्ता मी हाताने लिहिला नाही, 'आत्ता जो चालू आहे तोच घे' म्हटलं. आणि आत्ता चालू काय होतं? माझा पेनड्राइव्ह. त्याने माझ्याच खिशाचा पत्ता लिहून घेतला. आता शोधतोय बिचारा, आणि मी तर पेनड्राइव्ह काढून घेतलाय."

आईचं आयुष्य पोस्टाच्या काउंटरवर गेलं होतं. तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता घेणाऱ्याच्या जागी लिहिलास!"

"हो! अगदी!"

"रोज चार जण करायचे असं. शिकलेसवरलेले. पत्र फिरून त्यांच्याच घरी जायचं आणि मग आमच्याशी भांडायला यायचे."

"मग तुम्ही काय करायचात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काय करणार? पत्ता खोडायचा, नीट लिहायचा, पुन्हा टाकायचं." हे बोलता बोलता जिभेवर आलेलं ते वाक्य आई कधी विसरली, ते तिचं तिलाही कळलं नाही. "आतलं पत्र थोडंच खराब होतं!"

"तेच तर मी मघापासून सांगतेय," भिंगरी म्हणाली.

जुना बूटलोडर जागेवर होताच. तिने त्याला शेवटचं हाक मारायला लावलं; रोजच्या त्या ओळी न बघता लिहिल्या आणि सिस्टीम उठवली. नव्याचा पत्ता उघडला, खोडला, डिस्कचा खरा पत्ता लिहिला. मग आईला जवळ बोलावलं. "तू वाच मोठ्याने, मी तपासते. पत्ते वाचायची सवय तुला." आईने चष्मा लावला आणि ती लांबलचक अक्षरं-आकड्यांची माळ, जशी ती रजिस्टर पाकिटावरची वाचायची, तशी एकेक करून वाचली. एके ठिकाणी ती अडखळली, भिंगरीने थांबून पुन्हा वाचायला लावलं. बरोबर निघालं.

पुन्हा सुरू केला. काळा पडदा. एका ओळीची यादी. पांढरी अक्षरं भराभर वर गेली, आणि या खेपेला ती थांबली नाहीत. दाढांच्या प्रोग्रॅमची ओळखीची निळी चौकट उघडली. काका उठून उभे राहिले तेव्हा गोणीवर त्यांच्या बसण्याचा ठसा होता.

"एकदा मी असताना झालं," भिंगरी म्हणाली. "आता मी जाते खाली. वीज घालवा, आणा, आणि आई, बटण तू दाब."

"मी? छे छे! मॅडम आहेत, काका आहेत..."

"त्या दोघांना यातलं थोडं थोडं कळतं. मला अजिबात न कळणारं माणूस हवंय." आणि ती खरोखरच जिना उतरून गेली. खिडकीतून आईला ती दिसत होती, समोरच्या कट्ट्यावर बसून सफरचंद खाताना. पाय हलवत होती, वर बघतसुद्धा नव्हती.

काकांनी विजेचं मुख्य बटण खाली केलं, वर केलं. मग कॉम्प्युटरच्या बटणावरचा तो कागद स्वतःच्या हाताने सोलून काढला. आईने पदराला बोट पुसलं आणि दाबलं.

निळी चौकट उघडेपर्यंत ती बोट तसंच हवेत धरून उभी होती. मालकीणबाईंनी एक पांढरा ठोकळा मशीनमध्ये लावला. मशीन कुरकुरलं, पांढरा भुगा उडाला आणि थोड्या वेळाने एक दाढ बाहेर आली. खड्डे, कंगोरे, सगळं जिथल्या तिथे.

"बघा बसते का तुम्हाला," मालकीणबाई म्हणाल्या.

"माझ्या अजून आहेत शाबूत," आई म्हणाली. "आज काळजीने झिजल्या नाहीत, हेच नशीब."

भिंगरी वर आली. चौकट बघून तिने नुसती मान हलवली, खुर्चीत बसली आणि जुना बूटलोडर काढून टाकला. आईने विचारलं, "राहू दे की गं तो. काय खातोय? अडीअडचणीला होईल."

"नाही. दोनदा उठलं ना? मग जुना ठेवायचा नाही. वीज गेली की कधीतरी तोच मध्ये तोंड घालतो, मग कुणाचं ऐकायचं ते कॉम्प्युटरला कळत नाही."

परत जाताना जिन्यात आईला नवीच काळजी सुचली. काळजी सुचायला तिला जिना पुरतो. "अगं, पण आता ते आपलं आपण उठतं. मग तुझी गरज काय उरली?"

मागून येणाऱ्या मालकीणबाईंनी ते ऐकलं. "अहो आई, मी हिला दाढा घडवायला ठेवलंय. बटणं दाबायला नाही. रोज सकाळचा वेळ त्या काळ्या पडद्यापुढे जायचा, तो वाचला. आणि पुढच्या महिन्यात आठ दिवस घरी धाडतेय. ठेवून घ्या, पण परत पाठवा."

"मग आता हिला काय म्हणायचं?" काका मागून म्हणाले. "किल्ली तर राहिली नाही."

"काही म्हणा," भिंगरी म्हणाली. "माझ्याआधी चहा प्या म्हणजे झालं."

सोमवारी सकाळी आई स्वयंपाकघरात उभी होती. भिंगरीचा निरोप येऊन गेला होता, अगदी आखूड: 'मी आज उशिरा पोचले. माझ्याआधी सुरू केला काकांनी. सात दाढा झाल्या.' तेवढ्यात मामाचा निरोप आला. त्याचाही आखूडच: 'ताई, काय ते सांग. साहेब विचारतायत.'

आईने बसमध्ये मामासाठी एक लांबलचक उत्तर जुळवलं होतं. एकदम नाही म्हणायचं नाही. मुलगी विचार करतेय म्हणावं, दोनेक महिने जागा धरून ठेवता येते का बघ म्हणावं. वेळ काही सांगून येत नाही. मागचं दार उघडं असलेलं बरं. ते उत्तर तिने मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. म्हणता म्हणता तिला खिडकीतून दिसलेली मुलगी आठवली, कट्ट्यावर पाय हलवत सफरचंद खाणारी. आपण दाबलेलं बटण आठवलं. नवं दोनदा उठलं होतं, त्यातलं एकदा तिच्या स्वतःच्या बोटाने. आणि आज तिसऱ्यांदा, तिथे ना भिंगरी होती ना ती.

निरोपाला निरोपाने उत्तर द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. धाकटा भाऊ आहे, त्याला तोंडानेच सांगायला हवं, आणि स्वच्छ 'नाही' म्हणायला हवं. रागावेल, चार गोष्टी ऐकवेल. ऐकवू दे. तिने ओले हात पुसले, गॅस बारीक केला आणि मामाचा नंबर लावायला फोन उचलला.